वीसपैकी चौदा उत्तरं घरचीच

पत्र: मावशी, मी सत्तावीस वर्षांची. नागपुरात महाल भागात राहते, एकत्र कुटुंब, नोकरी विमानतळाजवळच्या मिहान उद्योगवसाहतीत. मागच्या महिन्यात ऑफिसात ट्रेनिंग होतं. 'मी कोण आहे?' याची वीस उत्तरं लिहायला सांगितली. मी भराभर लिहिलं: आईबाबांची थोरली, सोनूची ताई, मोठेबाबांची लाडकी, आजीला दर महिन्याला दवाखान्यात नेणारी, घरचं सिलिंडर बुक करणारी… ट्रेनर सर सगळ्यांसमोर हसले, म्हणाले, "यात तुम्ही कुठे आहात?" वीसपैकी चौदा उत्तरं घरचीच निघाली. शेजारच्या मुलीने 'महत्त्वाकांक्षी, स्पष्टवक्ती' असं काही लिहिलं होतं. आई म्हणते, आपल्याकडच्या मुली असंच लिहिणार, आपली संस्कृतीच तशी. आता पुण्याच्या ऑफिसात टीम लीड म्हणून येतेस का, असं विचारलंय. बाबा म्हणतात, "तुले जसं वाटते तसं कर." आजी काहीच बोलत नाही. मी घरी बडबडी आणि ऑफिसात मुकी. मला स्वतःचं व्यक्तिमत्त्वच नाही का? जाऊ की नको? — महालातली थोरली

थोरले,

आधी त्या सरांचा समाचार घेऊ. तो वीस ओळींचा कागद त्यांच्या डोक्यातून निघालेला नाही. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५४ साली तो मांडला. त्यात बरोबर-चूक काही नसतं. आणि मजा अशी, की त्यांच्यापुढे बसलेल्या अमेरिकन कॉलेजकुमारांनीही आधी 'मुलगी', 'विद्यार्थी', 'अमक्या धर्माचा' हेच लिहिलं होतं. ते संपल्यावर मग स्वभावाकडे वळले. तुझ्या सरांनी कागद वाटला, त्याच्यामागचं वाचलं नाही. बरं, सगळ्यांसमोर एका मुलीच्या घरच्यांना हसायचं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये बसतं?

आता तुझ्या आईचं. ती अर्धी बरोबर आहे. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या दोघांचा १९९१ चा एक लेख मानसशास्त्रात फार गाजला. काही समाजांत माणूस स्वतःला सुटा, आपल्या गुणांचा मालक म्हणून पाहतो, तर काही समाजांत नात्यांच्या आत पाहतो, असं त्यांनी मांडलं. दोन्हीकडे माणूस पुराच असतो, पाव कमी नसतो. तुझं घरी बडबडणं आणि ऑफिसात गप्प बसणंही त्यातलंच. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच 'मी कोण'चं काम जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना दिलं: कधी एकटं बसवून, कधी मित्राजवळ, कधी घोळक्यात, कधी प्राध्यापकांसमोर. समोर कोण आहे त्याप्रमाणे जपानी मुलांची उत्तरं अमेरिकन मुलांपेक्षा बरीच जास्त बदलली. त्यांना कोणी दुतोंडी म्हणालं नाही. तूही स्वतःला म्हणू नको. बॉससमोर आणि मोठेबाबांसमोर सारखीच वागणारी मुलगी मला तरी जरा भीतीदायकच वाटेल.

अर्धी बरोबर म्हटलं, कारण 'आपली संस्कृतीच तशी' म्हणून विषय मिटत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केनियात हाच प्रश्न विचारला गेला. मसाई आणि सांबुरू या पशुपालक जमातींतल्या लोकांची बहुतेक उत्तरं नात्यांची, कुळाची, कामाची. त्याच देशातल्या नैरोबीच्या विद्यापीठातली मुलं मात्र अमेरिकन मुलांच्या कितीतरी जवळ. देश एक, पण शाळा, शहर, पगार बदलला की कागद बदलतो. तूही रोज सकाळी महालातून मिहानला जातेस, म्हणजे दोन्ही गावांची तू रहिवासी. तुझ्या चौदा ओळी लोक वाचताहेत, मला उरलेल्या सहा वाचायच्या होत्या. त्या तू पत्रात लिहिल्याच नाहीस! का गं?

आणि ज्या लिहिल्यास त्यांत एक गोष्ट मला खुपली. 'सोनूची ताई' आणि 'घरचं सिलिंडर बुक करणारी' या दोन ओळी एका जातीच्या नाहीत. पहिली नातं आहे, दुसरी काम. सोनूची ताई तू पुण्यातही राहशील, न्यूझीलंडलाही राहशील. सिलिंडर मात्र कोणाच्याही फोनवरून येतं. हाच कागद सोनूला भरायला दे. ताईचा भाऊ, आजीचा नातू, मोठेबाबांचा पुतण्या हे सगळं तोही लिहील. दवाखाना आणि सिलिंडर लिहील का? नाही लिहिणार. संस्कृती एकाच घरात, एकाच ताटातून खाणाऱ्या दोघांना दोन वेगळी व्यक्तिमत्त्वं वाटून देते, आणि मग त्याला आपण 'तिचा स्वभावच मायाळू' म्हणतो. यावर मात्र तू चिडलीस तरी चालेल.

तुझ्या डोक्यात बहुधा असं बसलंय, की स्वतःचं ठरवायचं म्हणजे माणसांतून उठायचं. महालापासून दीक्षाभूमी काही फार लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यांच्यासोबत लाखो लोकांनीही. जन्माने मिळालेली ओळख त्यांनी विचार करून खाली ठेवली आणि दुसरी स्वीकारली. बावीस प्रतिज्ञा प्रत्येकाने आपल्या तोंडाने, स्वतःसाठी घेतल्या, आणि बाजूला आई, बाप, शेजारी, अख्खी वस्ती उभी होती. समूहात राहून स्वतःचं ठरवण्याचं इतकं मोठं उदाहरण मला दुसरं सुचत नाही, आणि ते आपल्या शहरातलं आहे. त्याच्यापुढे तुझी पुण्याची बदली म्हणजे किस झाड की पत्ती.

तर पुण्याचं. सरांना व्यक्तिमत्त्व दाखवायला जाऊ नको, आणि गुणी मुलगी दिसायला थांबूही नको. काम आवडतं का, पगार किती वाढतो, तिथलं घरभाडं देऊन हातात काय उरतं, एवढं पाहा. आवडत असेल तर जा. माझा कल जाण्याकडे आहे, लपवत नाही. माणसं सांभाळून घ्यायची सवय असलेली मुलगी टीम लीड म्हणून बरी निघते. वरून 'स्पष्टवक्ती' लिहिणाऱ्या त्या मुलीपेक्षा तुला टीममध्ये कोण नाराज आहे हे आधी कळेल. फक्त मीटिंगमध्ये तोंड उघडायची सवय लावावी लागेल. ती लागते.

बाबांचं 'तुले जसं वाटते तसं कर' हे नागपुरी बापाचं 'नाही' आहे की 'हो', हे पत्रावरून मला कळत नाही, आणि तूही अंदाज बांधत बसू नको. त्यांना सरळ विचार, "बाबा, मी गेले तर तुमची अडचण कोणती?" बहुतेक अडचणी दवाखाना, बँक, लाईट बिल अशाच निघतील. आजी गप्प आहे ती नाराज आहे म्हणून, की मला डॉक्टरकडे आता कोण नेणार या काळजीने? तिच्याजवळ बसून विचार, जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून.

पण त्याच्याही आधी सोनूला धर. आजीची फाईल त्याच्या हातात दे, गोळ्या कोणत्या वेळच्या ते दाखव, आणि पुढच्या तारखेला त्यालाच पाठव. तू सोबत जायचं नाही. परत आल्यावर आजी त्याची काय तक्रार करते ते मला कळव, आणि त्या सहा ओळीही पाठव.

— मावशी