मधल्या तारा उपसून टाका

प्रश्न : सर, मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी 1.6 मिमी एफआर-फोर (ग्लास-फायबरच्या) बोर्डवर 3 गिगाहर्ट्झचा डिफरन्शियल बँडपास फिल्टर (दोन लाइनवरच्या एकमेकांच्या उलट सिग्नलचा ठरावीक पट्टाच पुढे सोडणारा) केला. दोन समांतर लाइन, त्यांना जोडणारे तीन आडवे स्टब (तांब्याच्या पट्ट्या) आणि प्रत्येक स्टबच्या मधोमध ग्राउंडला तार. डिफरन्शियल सिग्नल छान जातो, पण कॉमन मोडही, म्हणजे दोन्ही लाइनवर सारखाच येणारा, अडायला हवा तो सिग्नलही, तितकाच जातो. चूक कुठे झाली? आणि बोर्ड लहान कसा करू?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : चूक त्या तारांचीच की हो! उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये मीही हेच केलं होतं आणि दोन दिवस बोर्ड कोरायच्या फेरिक क्लोराइडला शिव्या देत बसलो होतो.

गोठ्यातलं दावं घ्या, मधोमध गाठ मारा. दोघींनी टोकं धरून, एकीचा हात वर तेव्हा दुसरीचा खाली, असं हलवा. गाठ जागची हलत नाही. दोघींनी एकदमच वर-खाली केलं की गाठही नाचते. डिफरन्शियल सिग्नलला स्टबचा मध्य असाच आपोआप ग्राउंड मिळतो. त्याला पाव तरंगलांबीचा, टोकाला ग्राउंड झालेला (शॉर्ट) स्टब दिसतो. 3 गिगाहर्ट्झला तो ओपनसारखा, म्हणजे नसल्यासारखा वागतो, सिग्नल पुढे जातो. कॉमन मोडला तोच स्टब टोकाला उघडा दिसतो आणि तिथेच लाइन ग्राउंडला शॉर्ट होते. तुम्ही गाठ खुंटीला बांधलीत, म्हणून दोन्ही मोडना एकच फिल्टर दिसला.

नवा बोर्ड नको. सोल्डरिंग आयर्न तापवा, तिन्ही तारा उपसा. पासबँड (पुढे जाणारा पट्टा) फारसा हलणार नाही. डिफरन्शियल सिग्नलला त्या तारा दिसतच नव्हत्या.

आता आकार. तुमच्या बोर्डवर अर्धी तरंगलांबी, म्हणजे अख्ख्या स्टबची लांबी, साधारण 28 मिमी. स्टब नागमोडी वळवा, पण मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखा. एकाच बाजूला वळवलात तर एक मोड दुसऱ्यात मिसळतो. वळणं फार खेटूनही नकोत, त्यांच्यात कपलिंग होतं, सिग्नल एकातून दुसऱ्यात झिरपतो. बँड रुंद हवा तर स्टब बारीक करा. मात्र तेवढ्यानं कॉमन मोड अडवायचा पट्टा अरुंद होतो, हा सौदा डोळे उघडे ठेवून करा. घरच्या एचिंगला मी तरी 0.4 मिमी रुंदीच्या खाली जात नाही.

दोन पोर्टचाच व्हीएनए (सिग्नल किती जातो, किती परततो ते मोजणारं यंत्र) असेल तर फिल्टरच्या चार पोर्टांच्या सहाही जोड्या मोजा, आणि दरवेळी रिकाम्या दोन पोर्टांना 50 ओहमची टर्मिनेशन लावा.