छतातला पंखा आणि मोडायची एफडी

प्रश्न : ठाण्यात आमचा 14 वर्षं जुना टू-बीएचके आहे. बाथरूमच्या छताला काळी बुरशी धरते आणि आईला दमा आहे. कंत्राटदाराने दोन्ही बाथरूम आणि स्वयंपाकघरात इनलाइन डक्ट फॅन व फॉल्स सीलिंग असं 68,000 अधिक जीएसटीचं कोटेशन दिलंय. 2 लाखांची एफडी मोडू, की महिना 7,400चा वर्षभराचा हप्ता घेऊ? घरखर्च 55,000, हातात महिन्याला 9,000 उरतात.

उत्तर : एवढ्या कामासाठी दोन्ही नको.

आधी हप्त्याचं बघू. 18 टक्के जीएसटी धरून बिल 80,240 होतं आणि तुम्ही भरणार 88,800. वरचे साडेआठ हजार म्हणजे दहा-अकरा टक्के वाटतात. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, त्यामुळे खरा दर 19 टक्क्यांच्या घरात जातो. त्यापेक्षा एफडी मोडणं स्वस्त पडेल, हे कबूल. पण मग खाली 1 लाख 20 हजारही उरत नाहीत, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचा खर्च. दम्याचा पेशंट असलेल्या घरात मी तरी त्या पैशाला हात लावू देणार नाही.

आता कोटेशन उघडा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तीन पंखे 19,500 चे आहेत आणि फॉल्स सीलिंग 28,000 चं. म्हणजे हवेपेक्षा पीओपीवर जास्त खर्च!

इनलाइन फॅन म्हणजे पाइपच्या मधोमध बसवलेला पंखा. बाहेरची भिंत लांब असेल तेव्हाच त्याचा उपयोग. (आपल्या सोसायट्यांमध्ये ‘डक्ट’ म्हणजे पाइप आणि कबुतरांची ती अंधारी पोकळी, इथे डक्ट म्हणजे हवेचा पाइप.) तुमच्या बेडरूमच्या बाथरूमला खिडकी आहे. तिथे दीड-दोन हजारांचा साधा एक्झॉस्ट पुरे. स्वयंपाकघरात चिमणी आहेच. तिथला इनलाइन फॅन काढूनच टाका. तेलकट वाफ पाइपात साचली की साफ कोण करणार, आणि आगीची भीती वेगळीच. उरलं पॅसेजलगतचं बिनखिडकीचं बाथरूम. तिथे मात्र हा पंखा हवाच, त्यात काटकसर नको.

पण त्याआधी एक फुकटची तपासणी. बुरशी पुसा, जागा वाळू द्या आणि जाड प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा. दोन दिवसांनी बघा. पाणी प्लॅस्टिकच्या आत, छताच्या बाजूला असेल तर वरच्या मजल्यावरून गळती आहे. मग लाखाचा पंखाही उपयोगाचा नाही. वरच्यांशी आणि सोसायटीशी बोला. ओल बाहेरच्या बाजूला असेल तर ती आंघोळीची वाफ, आणि तिच्यावर पंखा हाच इलाज.

एकाच पंख्याचा हिशेब असा : पंखा 6,500, पीव्हीसी पाइप, उलटी हवा अडवणारी झडप आणि जाळी 3,000, भोक पाडणं 1,500, वायरिंग 2,500, पाइप झाकणारी पेटी 2,500. एकूण 16,000, जीएसटीसह 18,880. दोन महिन्यांच्या शिल्लकीत जवळजवळ बसतं, वरचे 880 तिसऱ्या महिन्यातून. खिडकीतला एक्झॉस्टही त्याच महिन्यात. विजेचं म्हणाल तर 30 वॉटचा पंखा रोज तीन तास चालवला आणि युनिटला 12 रुपये धरले, तरी वर्षाचे 400 होत नाहीत. मात्र पावसाळ्यात तो दिवसभर चालू ठेवू नका. बाहेरची दमट हवाच घरात ओढली जाईल. आंघोळीनंतर अर्धा-पाऊण तास पुरे, आणि दाराखाली बोटभर फट हवी, नाहीतर पंखा ओढणार काय?

कंत्राटदाराकडून नवं कोटेशन लेखी घ्या. त्यात तीन गोष्टी असू द्या : बीमला भोक पाडायचं नाही, पाइपचा उतार बाहेरच्या बाजूला (नाहीतर थंडीत पाणी थेंब-थेंब पंख्यात येतं), आणि पेटीला पंख्याखाली उघडणारं झाकण. झाकण ‘दिसायला बरं नाही’ म्हणून टाळतात. मग पंखा बंद पडला की पेटीच फोडावी लागते.