शेवटचा खड्डा काही जात नाही

प्रश्न: आमच्याकडे पाईपला फ्लॅंज (जोडणीची चकती) लावायचं ऑटोमॅटिक मिग (गॅसच्या आवरणात सतत वायर सोडणारं आर्क वेल्डिंग) आहे, कंट्रोलरवर करंट, व्होल्टेज, स्पीड सगळं नीट टाकलंय, बीड (वेल्डची रेघ) एकदम मस्त येतो पण जिथे वेल्ड संपतो तिथे खड्डा पडतो आणि कधीकधी बारीक क्रॅकपण दिसते. करंट वाढवू का?

उत्तर: अजिबात नको! तुमच्या सायकलमध्ये बहुतेक क्रेटर फिल (शेवटचा खड्डा भरायची सेटिंग) शून्यावरच आहे, म्हणजे आर्क धाडकन बंद होतो, वितळलेला धातू गोठताना आकसतो आणि खड्डा भरायला वायर मिळतच नाही. आधी वेल्डला सुरुवातीच्या टोकावर ५-१० मिमी चढू द्या, मग जॉब (वेल्ड होणारा पाईप) फिरणं थांबवून करंट साधारण ६०-७० टक्क्यांवर आणा आणि अर्धा-एक सेकंद वायर चालू ठेवा, खड्डा भरताना डोळ्यांना दिसेल (वेल्डिंगच्या काळ्या काचेतून बघा हं). त्यानंतर बर्नबॅक, म्हणजे वायर थांबल्यावर आर्क किती वेळ चालू राहतो ते, हा लई नाजूक, कमी पडला तर वायर जॉबला चिकटते, जास्त झाला तर मागे जळत जाऊन कॉन्टॅक्ट टिपलाच (टॉर्चमधली वायरला करंट देणारी नळी) चिकटते, म्हणून ०.०५ सेकंदापासून थोडं थोडं वाढवत जा. पोस्टफ्लो, म्हणजे आर्क बंद झाल्यावरही चालू राहणारा गॅस, एक-दोन सेकंद ठेवा, तेवढा वेळ टॉर्च जागेवरून हलवू नका.