सिलिॲक मुलांचं वजन: काट्याआधी गिरणी बघा

ताई, सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होण्याचा आजार. त्यात पोराचा गहू बंद केला की लगेच वजन भरेल असं नाही. आतड्याचं अस्तर सावरायला महिने लागतात. पोराला रोज काट्यावर उभं करू नका; महिन्यातून एकदा पुरे, सोबत उंचीही लिहून ठेवा. तरी काटा हलत नसेल तर आधी गिरणी बघा. गव्हापाठोपाठ दळलेल्या ज्वारीत गहू येतोच. डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं, आणि हे कुणी सांगत नाही! टीटीजी तपासणी (सिलिॲकसाठीची रक्तचाचणी) मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा कराच.

उलटंही होतं, वजन नको तितकं वाढतं. भूक खवळते, आपण लाडानं ग्लूटेन-फ्री बिस्किटांचे पुडे आणतो. त्यांत साखर-चरबी भरपूर. त्यापेक्षा नाचणीची भाकरी, मुगाचं धिरडं, दाण्याची चटणी द्या.