फोंड्याहून ये-जा करून ताळगावला गोवा विद्यापीठात संगणकशास्त्रात पीएचडी सुरू केलीय. शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावेत का?

नाही, आधी फक्त शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षकं आणि निष्कर्ष वाचा. ५-१० मिनिटांत निबंध आपल्या कामाचा आहे की नाही ते कळतं. संगणकशास्त्रज्ञ एस. केशव यांनी २००७ मध्ये मांडलेल्या तीन फेऱ्यांच्या पद्धतीतली ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत आलेख बारकाईनं बघा: अक्षांना नावं आहेत का, एरर बार (आकड्यांतली अनिश्चितता दाखवणाऱ्या छोट्या रेषा) दाखवलेत का. घाईत उरकलेलं काम इथंच उघडं पडतं. पहिली फेरी पणजीच्या कदंब बसमध्ये होऊन जाते, दुसरीला मात्र तासभर टेबल आणि पेन्सिल हवीच. तिसरी फेरी फक्त ज्या निबंधावर तुमचं स्वतःचं काम उभं राहणार आहे, त्याचीच: एकेक गृहीतक तपासा, सिद्धता स्वतः मांडून बघा. त्यात आठवडा गेला तरी जाऊ द्या.