वाचकांचे प्रश्न : परवान्याचे पार्किंग आणि रहिवाशांचा कौल

प्रश्न : आमच्या वस्तीतल्या रस्त्यांवर दिवसभर बाहेरच्यांच्या गाड्या उभ्या असतात. त्यामुळे ठरावीक वेळेत फक्त परवाना असलेल्या रहिवाशांनाच गाड्या लावू द्याव्यात, असा विचार स्थानिक प्रशासन करत आहे आणि रहिवाशांची मते गोळा करण्याचे काम आमच्या संघाकडे आले आहे. ‘परवाना पद्धत हवी की नको’ एवढाच प्रश्न घरोघरी विचारावा, असे बहुतेक सभासदांचे म्हणणे आहे. तेवढे पुरेसे होईल का?
— रहिवासी संघाच्या कार्यवाह

उत्तर : नाही, तेवढे पुरेसे होणार नाही. ‘हवी की नको’ या प्रश्नाला उत्तर देणारा प्रत्येक जण मनात वेगळीच योजना धरून उत्तर देतो. एकाला वाटते, दारासमोरची जागा आता आपल्या हक्काची झाली. दुसऱ्याला वाटते, घरी आलेल्या पाहुण्यालाही दंड होणार. अशा होकार-नकारांची बेरीज करून जो आकडा हाती येईल, त्यावरून लोकांना नेमके काय हवे आहे ते कळणार नाही.

त्यामुळे मते मागण्यापूर्वी मोजणी करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एखाद्या साध्या कामाच्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांचे क्रमांक टिपावेत आणि त्याच रस्त्यावर दुपारी पुन्हा टिपावेत. पहाटेच्या गाड्या बहुतांशी रहिवाशांच्या असतात. ज्या फक्त दुपारच्या यादीत दिसतात, त्या बहुधा बाहेरून आलेल्यांच्या. रस्ता दुपारीच भरत असेल तर परवाना पद्धतीचा उपयोग होईल, आणि त्यासाठी दिवसभराची बंदीही लागणार नाही, कारण सकाळी गाडी लावून संध्याकाळी परत येणाऱ्याला थोपवायला दुपारचा एक तास राखून ठेवला तरी पुरतो. मात्र रस्ता पहाटेच गच्च भरलेला असेल, तर गर्दी आपल्याच गाड्यांची आहे, आणि दिवसाच्या वेळेपुरते परवाने वाटून रात्रीची एकही जागा वाढणार नाही. ही गोष्ट सभेत सांगणे कोणालाच आवडत नाही, पण मते घेण्याआधी ती सांगितलीच पाहिजे.

मोजणीचा दुसरा भाग जागेचा. समजा, रस्त्याची एक कड १२० मीटर लांब आहे आणि फाटके, वळणे व कोपरे वगळता ९० मीटर उरते. एकामागे एक उभ्या असणाऱ्या गाडीला पुढेमागे करायला धरून सुमारे ६ मीटर लागतात, म्हणजे त्या बाजूला १५ गाड्या बसतील. तिथे ४० परवाने दिले गेले, तर परवाना म्हणजे जागा शोधत फिरण्याची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ उरतो. पार्किंगच्या अर्थकारणाचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी तर जागा साधारण ८५ टक्केच भरलेल्या असाव्यात, म्हणजे येणाऱ्याला एखादी मोकळी सापडेल, असा ठोकताळा सांगितला होता.

यानंतर प्रश्नावली. निर्बंध कोणत्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत, एका घराला किती परवाने, दुसऱ्या गाडीचे शुल्क किती, पाहुण्यांसाठी काय सोय, रुग्णाची शुश्रूषा करायला रोज येणाऱ्या व्यक्तीने गाडी कुठे लावायची, अपंगांच्या जागा कुठे, हे सारे त्याच कागदावर लिहिलेले असावे. उत्तरे रस्त्यानुसार वेगळी मोजावीत, कारण स्थानकाजवळच्या गल्लीचे दुखणे आतल्या गल्लीला नसते आणि सरासरीत दोघींवर अन्याय होतो. हद्दीबाहेरच्या लगतच्या दोन-तीन रस्त्यांनाही विचारावे. तुमच्याकडून हटलेल्या गाड्या उद्या त्यांच्याच दारात जाणार आहेत. आज तिथले लोक ‘आम्हाला गरज नाही’ म्हणतील, म्हणून ‘शेजारचा रस्ता आत घेतला तर तुमचे मत काय’ हाही प्रश्न त्यांना स्वतंत्रपणे विचारावा. भाडेकरू आणि गाडी नसलेले रहिवासी यांना वगळू नये, रस्ता त्यांचाही आहे.

मते केव्हा मागितली, यालाही महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये १९८५ सालच्या एका खटल्यातून चार कसोट्या रूढ झाल्या आणि २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या : प्रस्ताव आकार घेत असतानाच विचारावे, विचार करता येईल इतकी कारणे द्यावीत, उत्तराला पुरेसा अवधी द्यावा, आणि आलेल्या मतांचा निर्णयापूर्वी मनापासून विचार व्हावा. तिथेच लंडनच्या प्रिमरोझ हिल भागातली अशीच पार्किंग योजना, रहिवाशांशी केलेली सल्लामसलत अपुरी ठरल्यामुळे, १९९५ मध्ये न्यायालयाने रद्द केली होती. खांब रोवून आणि पट्टे मारून झाल्यावर लोकांचे मत मागणे म्हणजे वरातीमागून घोडे.

प्रश्न : निम्म्याहून अधिक घरांनी उत्तरच दिले नाही, तर त्यांचा होकार समजावा का?

उत्तर : होकार नाही आणि नकारही नाही. किती घरांना कागद पोहोचला, किती परतले आणि त्यांतले किती बाजूने, हे तिन्ही आकडे एकत्र प्रसिद्ध करावेत. दोनशे घरांपैकी चाळीस जणांनी उत्तर दिले आणि त्यांतले तीस अनुकूल असले, तर ‘७५ टक्के रहिवाशांचा पाठिंबा’ हे वाक्य खोटे आहे. तो पाठिंबा उत्तर देणाऱ्यांचा. अशा वेळी आणखी एक फेरी घरोघरी काढावी. मात्र मते घेणे म्हणजे मतदान नव्हे, हेही लक्षात असावे. अग्निशामक गाडी वळत नाही, असा एकाच व्यक्तीचा आक्षेप खरा निघाला, तर तो शंभर होकारांपेक्षा जड आहे.

प्रश्न : शुल्क म्हणजे प्रशासनाला पैसे मिळवण्याचा नवा मार्ग, असा आमच्याकडे संशय आहे. तो कसा दूर करावा?

उत्तर : संशय अगदीच निराधार नाही. लंडनच्या बार्नेट कौन्सिलने रहिवाशांच्या परवान्याचे शुल्क ४० पौंडांवरून १०० पौंडांवर नेले, तेव्हा संबंधित कायदा महसूल गोळा करण्यासाठी नाही, असे सांगून २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ती वाढ बेकायदेशीर ठरवली. उलट कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना शहराने जुन्या बाजारपेठेतल्या पार्किंग मीटरचे उत्पन्न त्याच भागातले पदपथ आणि रस्ते सुधारण्यावर खर्च केले, त्यामुळे तिथला विरोध मावळला. म्हणून प्रश्नावलीतच तीन ओळी घालायला सांगा : योजना चालवायचा अपेक्षित खर्च, अपेक्षित जमा, आणि शिल्लक कुठे वापरणार. त्यासोबत वर्षभराने फेरआढावा आणि तेव्हा योजना मागे घेण्याची मुभाही लेखी मागून घ्या. या ओळी लिहून द्यायला प्रशासन तयार नसेल, तर सभासदांना तेही कळवा आणि मगच कागद वाटायला घ्या.