नवरा कुवेतला, मी गावी… आमचं तुटत तर चाललं नाही ना?

"मॅडम, फोन रोज येतो. पण जेवलात का, जेवलो, ठेवू का… संपलं! आमचं तुटत तर चाललं नाही ना?"

आखातात नोकरीला असलेल्यांच्या बायका मला हे वरचेवर विचारतात. ही खेड तालुक्यातली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नवरा कुवेतला ड्रायव्हर, मुलगा दुसरीत, घरात सासूबाई. बायकोमुलाला तिकडे न्यायचं तर व्हिसासाठी पगाराची अट आहे, ड्रायव्हरच्या पगारात ती बसत नाही.

बोलता बोलता खरं दुखणं निघालं ते पडवीच्या छपराचं. पावसाच्या तोंडावर तिने कौलं उतरवून पत्रे घातले, आणि नवऱ्याला ते चुलतभावाकडून कळलं. व्हिडिओ कॉलवर तो माझ्यासमोरच म्हणाला, "घर माझं, आणि खबर मला तिसऱ्याकडून?" ती ताडकन म्हणाली, "विचारलं की म्हणता, तुला हवं ते कर. केलं की म्हणता, विचारलं नाहीस!"

दोघांचंही खरं होतं. अशा जोडप्यांना 'रोज भरपूर बोला' असं मी सांगत नाही. दिवसभर उन्हात गाडी चालवून आलेल्याला त्याचाही जाच होतो. घरातल्या निर्णयांत त्याचा वाटा राहिला पाहिजे. म्हणून पैशांचा विषय रोजच्या फोनमधून काढला. पगार झाला की दोघांनी एकदाच निवांत हिशेब करायचा. किती रुपयांपर्यंत तिने न विचारता खर्च करायचा, तेही ठरलं. त्यावरचं काही असेल तर आधी नवऱ्याच्या कानावर, मग भावकीच्या.

मुलाची अडचण घड्याळाची होती. कुवेत आपल्या अडीच तास मागे. बाप सातला खोलीवर येतो तेव्हा इथे साडेनऊ, पोर झोपलेलं. पण शुक्रवारी त्याला सुट्टी असते, आणि मुलगा पाचला शाळेतून येतो तेव्हा तिथे दुपारचे अडीच. आता शुक्रवारचे पाढे बाबा घेतात. साताचा पाढा अडला की चिरंजीव मोबाईल पालथा घालतात, म्हणे रेंज गेली!

तो लवकरच सुट्टीवर येतोय, आणि मला खरी धास्ती त्याचीच आहे. आल्या आल्या असे नवरे घराला शिस्त लावायला निघतात, आणि एकटीने सगळं ओढलेल्या बाईला ते झोंबतं. त्याला सांगितलंय, पहिले आठ दिवस नुसतं बघायचं, काही बदलायचं नाही. तिलाही सांगितलंय, त्यानंतर एखादं काम, मुलाच्या शाळेचं म्हणा, पूर्ण त्याच्यावर सोपव आणि मध्ये बोलू नकोस. त्यावर ती म्हणाली, "हे जरा जड जाईल, मॅडम."